सुईणीच्या शाळेचा कागद

ठाणे, रविवार, १० फेब्रुवारी १८८९

बा,

बेसांव द्या. मी परीक्षा पास झाले, तुमचा आशीर्वाद हवा.

पत्र तुमच्या नावचं असलं तरी तुम्हाला ते वाचून दाखवणार पास्कू, म्हणून आधी त्यालाच सांगते. पास्कू, सावकाश वाच. एकही ओळ गाळू नकोस, तुझ्याबद्दलची असली तरी.

बा, आमच्या वर्गात शेवटपर्यंत पाचच मुली उरल्या होत्या. निकालाच्या दिवशी सुहासिनीबाईंनी आम्हाला ओळीने उभं केलं आणि विचारलं, "शाळा संपली. आता पुढे काय?" मुलींना असं कुणी कधी विचारतं का? तिघी हसल्या. त्यांची लग्नं झालेलीच आहेत, त्या सासरी जायच्या. बर्नाडेट म्हणाली, मी इथंच शिकवीन. तिला धाकट्या वर्गावर घेतलं, आणि जागा तेवढी एकच होती. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, ठाऊक नाही. पाच वर्षांपूर्वी विचारलं असतं तर मी डोळे मिटून सांगितलं असतं, मागासाठी कांड्यांवर रेशीम भरीन. आय भरायची, आजी भरायची, थोरली लुसी तर लग्नाच्या आदल्या दिवसापर्यंत भरत होती. तेव्हा आपल्या आळीत अकरा माग होते. बाहेरचं स्वस्त रेशीम आलं आणि आज एकही नाही. पुरुष निघून गेले, कुणी रेलवेत, कुणी गिरणीत, कुणी वखारीत. बायकांच्या हातांनी काय करायचं, ते कुणीच सांगितलं नाही.

बाई स्वतः विधवा आहेत, पुण्याला मास्तरणींच्या कॉलेजात शिकून आल्यात. त्यांनी मला मागे थांबवलं. मुंबईच्या बायकांच्या इस्पितळातून शाळेला पत्र आलंय. मराठी लिहिता-वाचता येणाऱ्या मुली हव्या आहेत. दोन वर्षं तिथंच राहायचं, डॉक्टरीणबाईंच्या हाताखाली सुईणीचं काम शिकायचं, मग सर्टिफिकीट. कागद एक मेच्या आत पोचला पाहिजे आणि त्यावर बापाची संमती हवी. कोरा कागद सोबत पाठवते आहे.

मला जायचं आहे, बा.

तुम्ही माग विकलात त्या दिवशी मी म्हटलं, "बरं झालं, बांधून ठेवणारा एक खुंटा कमी झाला." तुमच्यासमोर बोलू नये ते बोलले. तुम्ही म्हणालात, "शाळा पुरी कर, ईस्टरनंतर पास्कूशी लग्न. तोवर तुझं तोंड बघायचं नाही मला." दोन वर्षं झाली. मला आत्याकडे ठेवलंत, निरोपही येतात ते तिच्याच नावाने.

पास्कू काही वाईट नाही. शेजारच्याच घरात वाढला, त्याचाही माग गेला, तुमच्या मागोमाग भुसावळला त्याच लाकडाच्या वखारीत लागला. हे तुम्हाला त्याच्याच तोंडून ऐकू येतंय, त्यालाही बरं वाटेल. पण तो वाईट नाही एवढ्यावर मी लग्न करू का?

तुमच्या उत्तराची वाट बघते.

क्लेमेंटिना


ठाणे, रविवार, ३ मार्च १८८९

बा,

तुमचं उत्तर आलं. चार ओळींचं. "नाही. ईस्टरनंतरच्या दुसऱ्या रविवारी लग्न. सुईणीचं नाव या घरात काढायचं नाही. तुझी आय कुणाच्या हातात गेली ते विसरलीस काय?" खाली सहीच्या जागी तुमची निशाणी, मागाच्या धोट्याची.

मी विसरलेले नाही. अकरा वर्षांची होते. आत आयजवळ ती सुईण आणि आत्या. मी दाराशी, पाणी तापवायला. तुम्ही बाहेरच्या खोलीत मागावर. सकाळपासून तुम्ही विणत होतात, जेवायलाही उठला नाहीत. आय ओरडली की धोटा जोरात पळायचा. लोक म्हणाले, बायको मरतेय आणि हा कापड विणतोय. मला ठाऊक आहे, तुम्हाला तो आवाज ऐकायचा नव्हता. दुपारी माग थांबला. तेव्हा मला कळलं.

त्या बाईने हात धुतले नव्हते, बा. मी तापवलेलं पाणी तसंच राहिलं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तिला माहीतच नव्हतं, तिला कुणी शिकवलंच नव्हतं. म्हणून तर मला शिकायचं आहे.

लुसीला सातवा सरत आलाय. मी दर आठवड्याला कोलशेतला तिच्या सासरी जाते. तिथं आवडाबाई म्हणून म्हातारी सुईण आहे. मी तिला सगळं विचारत बसते. परवा वैतागून म्हणाली, "काय गं, पोर तुला होनार हाय का तुझ्या भैनीला?" पण सांगते सगळं.

एक विचारू? तुमचा धोटा नेहमी डावीकडे कलायचा. आत्याकडच्या जुन्या कागदांवर बघितलं, सगळीकडे कललेलाच आहे. या वेळचा अगदी पट्टीने आखल्यासारखा सरळ आलाय. भुसावळची हवा हाताला मानवली म्हणायची.

बेसांव द्या.

क्लेमेंटिना


ठाणे, रविवार, १७ मार्च १८८९

पास्कू,

हे पत्र तुझं आहे. कुणाला वाचून दाखवू नकोस.

तुमच्या वखारीतले डेनिसकाका काल भुसावळहून आले. दारातच म्हणाले, "अंतोनच्या हाताचं कळलं ना गं तुला?" मी नाही म्हटलं, तर बिचारे परत फिरायला लागले. मग आत्याने पाणी दिलं, बसवलं, आणि सगळं काढून घेतलं. जानेवारीत ओंडका घसरला. उजव्या हाताची तीन बोटं गेली. दोन महिने बा खोलीत पडून आहेत, आणि तू वखारीतून येऊन त्यांना भरवतोस.

म्हणजे तो धोटा तू काढलास. ज्या हाताने काढायचा तो हातच उरलेला नव्हता.

मी कालपासून तुझी दोन चित्रं समोर ठेवून बसलेय. एकात तू माझ्या बापाला घास भरवतोयस. दुसऱ्यात त्याच्या नावाने मला 'नाही' लिहितोयस, आणि वर माझ्या मेलेल्या आयला मध्ये घालतोयस. दोन्हीतला माणूस एकच आहे हे काही केल्या मनात बसत नाही.

मला एवढंच सांग. माझी पत्रं तू बांना वाचून दाखवलीस का? आणि तुला भीती कशाची वाटली? मी नाही म्हणेन याची, की बा हो म्हणतील याची?

मी आजच भुसावळच्या पाद्रीबाबांनाही पत्र टाकते आहे. यापुढे बांना माझी पत्रं ते वाचून दाखवतील. तू अडवू नकोस. अडवलंस तर मी स्वतः गाडीत बसून येईन. मग जे होईल ते सगळ्या वखारीसमोर होईल.

क्लेमेंटिना


ठाणे, गुरुवार, २८ मार्च १८८९

बा,

हे पत्र पाद्रीबाबा वाचत आहेत. आधीची दोन पत्रंही आता तुम्ही ऐकली असतील, पास्कूकडून ती घेऊन वाचा असं त्यांना विनवलं होतं. पास्कू तिथं असेल तर त्याला थोडा वेळ बाहेर बसवा.

त्याचं मला उत्तर आलं. लांबलचक नाही. "पत्रं वाचली नाहीत. भीती दोन्हीची वाटली. बोटं गेल्यापासून अंतोनकाका रोज म्हणतात, मी जन्मभर एका खुंट्याला बांधून घेतलं, पोरीला बांधू नये. मग तुझं पत्र आलं. ते हो म्हणाले असते. मला इथं दुसरं कोणी नाही." असं लिहिलंय. मी ते चारदा वाचलं. राग कमी झाला नाही, पण राग धरायला पहिल्यासारखी जागाही राहिली नाही.

बा, तुमचा हात. मला त्यावर काहीच लिहिता येत नाही. ज्या हाताला अंधारातसुद्धा तुटलेला धागा सापडायचा, तो हात. तुम्हीच कळवू नका म्हणालात असं काका सांगतात. का? मी परत काहीतरी बोलेन असं वाटलं?

आता नीट ऐका. माझ्यापुढे दोन वाटा आहेत. एक, मी भुसावळला येते, पास्कूशी लग्न करते, तुमचं सगळं करते. पास्कू फसवा निघाला तरी तुम्हाला टाकून गेला नाही, आणि हे मी मोजते. दुसरी, मी मुंबईला जाते, तुम्ही लुसीकडे कोलशेतला येऊन राहता. लुसी आणि भावजी दोघेही तयार आहेत, मी विचारलंय. दोन वर्षांनी मला काम मिळालं की तुम्ही माझ्याजवळ.

मला दुसरी वाट हवी आहे. पण तुम्हाला या अवस्थेत सोडून मी ती हिसकावून घेणार नाही. तुम्ही पहिली म्हणालात तर मी येईन, आणि आल्यावर तोंड वाकडं करणार नाही. फक्त तुमचा शब्द हवा. पास्कूचा नको, आत्याचा नको, पाद्रीबाबांचाही नको.

महिनाभराचीच मुदत उरलीय.

क्लेमेंटिना


कोलशेत, गुरुवार, ११ एप्रिल १८८९

बा,

पाद्रीबाबांच्या अक्षरात तुमचं उत्तर आलं. त्यात हो नाही, नाहीही नाही. फक्त विचारलंय, "तुझ्या हातात बाई मेली, पोर मेलं, तर तू काय करशील? हे मला सांग, मग मी बोलतो."

पत्र सोमवारी मिळालं. मी उत्तर जुळवत होते, शाळेतल्या निबंधासारखं छान. मंगळवारी सकाळी भावजींचा माणूस आला, लुसीचं दुखायला लागलंय म्हणून. अजून महिना होता.

मी धावत गेले. आवडाबाई आधीच तिथं होती. पाणी मी तापवलं आणि तिला आधी हात धुवायला लावले. रागावली. "चाळीस वरसं झाली, मला शिकवतेस?" मी म्हटलं, "बाई, माझ्यासाठी धुवा." धुतले. मूल पायाळू होतं. आवडाबाई म्हणाली, "पाठीशी बस नि तिला धर. मी सांगीन ते करायचं. रडायचं नाय." दुपारपर्यंत लुसी माझ्या हाताला धरून होती. माझ्या मनगटावर तिची नखं अजून दिसतात.

मुलगी झाली. ती रडली नाही. आवडाबाईने तिला चोळलं, फुंकलं, उलटं धरलं. मग माझ्या हातात दिली आणि लुसीकडे वळली, कारण लुसीचं रक्त थांबत नव्हतं. मी त्या पोरीला चोळत राहिले. किती वेळ ते ठाऊक नाही. ती गरम होती, बा, म्हणून मला वाटत होतं ती रडेल. मग ती गरम राहिली नाही.

"ठेव तिला," आवडाबाई ओरडली. "ती गेली. इकडं ये, ही ऱ्हायलीय अजून!"

मी तिला ठेवलं. कपड्यात गुंडाळून कोपऱ्यात ठेवलं आणि लुसीच्या पोटावर हात दाबून धरला, म्हातारी सांगेल तिथं, सांगेल तितका. हात भरून आला तरी काढला नाही. रक्त थांबलं. लुसी जगली. आज तिने पेज खाल्ली.

हे तुमच्या प्रश्नाचं उत्तर. मेलेल्याला खाली ठेवेन आणि जी उरलीय तिच्याकडे वळेन. मग रडेन. काल मी आवडाबाईच्या ओट्यावर बसून इतकी रडले की म्हातारीने मला पोटाशी घेतलं. तिला विचारलं, असं किती वेळा झालं? म्हणाली, "आठवतात सगळी. नावं नसतात, पन आठवतात."

लुसीने हे तुम्हाला आत्ताच कळवू नको म्हटलं. म्हणाली, आधी संमती येऊ दे, हे ऐकलं तर बा कधीच हो म्हणणार नाहीत. तिचं म्हणणं बरोबर असेल. पण आपल्या घरात लपवालपवी पुष्कळ झाली. तुम्ही सगळं ऐकून नाही म्हणालात तरी चालेल. न ऐकता हो म्हटलेलं मला नको.

मला अजून जायचं आहे. कालच्यापेक्षा जास्त.

क्लेमेंटिना


मुंबई, रविवार, १८ ऑगस्ट १८८९

पास्कू,

तुझी दोन पत्रं आली. पहिल्याला उत्तर दिलं नाही, कारण द्यावंसं वाटलं नाही. दुसऱ्यात तू माफी सोडून बांची खुशाली विचारलीस, म्हणून लिहिते.

तू त्यांना भुसावळला गाडीत बसवून दिलंस, डब्यातल्या माणसांना सांगितलंस की यांना ठाण्याला उतरवा, आणि गाडी हलेपर्यंत खिडकीशी उभा राहिलास. हे बांनीच सांगितलं. त्यानंतरचं तुला ठाऊक नाही.

माझ्या शेवटच्या पत्राला उत्तरच आलं नव्हतं. ईस्टर झाला. पंचवीस एप्रिल गेली, अठ्ठावीस गेली. आत्याने लग्नाच्या लुगड्याची घडी उलगडून ठेवली होती. तीस तारखेला सकाळी सुहासिनीबाईंकडे गेले, कागद आला नाही हे सांगायला. सांगून वळले तर शाळेच्या दारात बा. स्टेशनवरून थेट शाळेत. उजवा हात कोटात खुपसलेला, आणि इतके वाळलेले की मी आधी ओळखलंच नाही.

माझ्या बाजूने पुढे गेले. बाईंना म्हणाले, "तो कागद कुठाय?"

बाईंनी दुसरा कोरा कागद काढला आणि संमती म्हणजे काय ते वाचून सांगितलं. पोरगी दोन वर्षं तिथंच राहील, मधेच काढून नेता येणार नाही, साथीच्या रोग्यांजवळही जावं लागेल. मग विचारलं, "तुमची खरंच इच्छा आहे?"

बा म्हणाले, "इच्छा नाही. माझी बायको त्यात गेली, माझी नात त्यात गेली. इच्छा कशी असेल? पण हिने मला खरं लिहिलं. आता मी कोणत्या तोंडाने नाही म्हणू?"

डाव्या हाताने निशाणी केली, दोनदा शाई सांडली. मला म्हणाले, "लुसी कुठं आहे? मला तिच्याकडे ने." एवढंच. कोलशेतपर्यंत आम्ही चालत गेलो. अर्ध्या वाटेवर माझी पिशवी त्यांनी आपल्या डाव्या खांद्यावर घेतली. कागद सुहासिनीबाईंनी स्वतः गाडीने जाऊन मुंबईला पोचवला, मुदतीच्या आत.

आता बा लुसीकडे असतात. डाव्या हाताने मासेमारीची जाळी विणायला शिकतायत. भावजी गाठी मारून देतात, पुढचं बा करतात. सुरुवातीला चिडायचे, आता दहा दिवसांत एक जाळं पुरं करतात.

तू विचारलंयस की वखार सोडून इंजिनावर कोळसा टाकायच्या कामाला लागावं का. मला काय ठाऊक, पास्कू? मी तुला हो म्हटलं तर तू माझ्या सांगण्यावरून जाशील, आणि उद्या हात पोळला की माझं नाव घेशील. सुहासिनीबाईंनी मला विचारलं तेच तुला विचारते. माग गेला, वखारही आज ना उद्या जाईल. आता पुढे काय? त्या उत्तरात मला धरू नकोस. मी तुझ्याशी लग्न करणार नाही. हे तुला आजवर कुणी स्पष्ट सांगितलं नाही, म्हणून मी सांगते.

तू बांना दोन महिने भरवलंस, ते मी विसरणार नाही. त्यांच्या तोंडचा शब्द तू गिळलास, तेही विसरणार नाही. दोन्ही बरोबर बाळगायची सवय करतेय.

आज भेटीचा दिवस होता. बा पहिल्यांदाच आले. पहारेकऱ्याचा निरोप आला, म्हातारा तासभर फाटकाशी उभा आहे, आत येत नाही. मी खाली गेले. म्हणाले, "इथूनच बोलू." वरून एका बाईचं ओरडणं ऐकू येत होतं. ते भिंतीकडे बघत राहिले. मी काही आग्रह केला नाही, तिथंच उभी राहिले. थोड्या वेळाने ते स्वतःच आत आले आणि ओसरीतल्या बाकावर, बायकांच्या नवऱ्यांमध्ये, अंग चोरून बसले. मी शेजारी बसले. लुसीचं सांगत होते, आवडाबाई आता आपणहून पाणी तापवते म्हणाले.

इतक्यात वरून हाक आली, "क्लेमेंटिनाबाई! लवकर या!"

बा मान वळवून बघू लागले, कोण ही बाई, कुणाला बोलावतायत. मी उठले. माझ्याकडे बघता बघता त्यांच्या लक्षात आलं. आणि पास्कू, बाकावरून तेही उठून उभे राहिले, डोक्यावरची टोपी काढून, डॉक्टरीणबाई समोरून जाताना बाकीचे उठतात तसे. मी जिना चढून दिसेनाशी होईपर्यंत ते खाली बसले नव्हते.

क्लेमेंटिना